खाचरातला रेडा

सोमवार, ९ एप्रिल १९३४. महाड.

आज घड्याळदुरुस्तीचं काम झालंच नाही. सकाळी एक लंबकाचं घड्याळ उघडलं नि तसंच मिटून ठेवलं.

घड्याळांचं सामान आणणारा झकेरिया मुंबईहून आला. त्याला रंगाची नवी कुपी आणायला सांगितली होती — अंधारात उजळतो तो, रेडियमचा. पहिली कुपीही त्यानंच आणली होती. आज रिकाम्या हातानं आला.

"गोमाजी, नाय आणली. दुकानदार म्हणाला, तिकडं अमेरिकेत पोरी घड्याळाच्या तबकड्या रंगवायच्या. कुंचल्याला टोक यावं म्हणून ओठांत धरायच्या. जबडे सडले त्यांचे. मेल्या काही. तू चाटलंबिटलं नायस ना?"

"म्हातारा झालोय, हावरा नाही झालो!" मी म्हणालो. खरंच आहे. मी काडीला कापूस गुंडाळून रंगवतो.

हसत हसत गेला. तो पायरी उतरला आणि मला आठवलं. घड्याळांचं सोड — देवीचे डोळे!

मंगळवार, १०

लिहिलं की जीव जरा ठिकाणावर येतो, म्हणून लिहितो.

शिमग्याला आमच्या वाडीवर गेलो होतो, पोलादपूरच्या वरच्या अंगाला. तुळसाही संगती होती — माझी लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. पालखीतल्या देवीच्या मुखवट्याला मी त्या रंगाचे डोळे दिले. रंग डिंकात कालवला. अंधारात देवीनं डोळे उघडले आणि अख्खी वाडी जमिनीवर पालथी!

बयाबाई तेवढी उभी राहिली. गुरवाघरची म्हातारी, देवीची पूजा तिच्याकडं. "आरं गोमाजी, ह्यानं कुणाला बाधा तर नाय?"

मग मी शहाणपणा केला. कण आदळला की चमकते ती जस्ताची भुकटी लावलेली काच रंगासमोर धरली, डोक्यावर घोंगडी ओढली नि तिच्या डोळ्याला भिंग लावलं.

"अगं बया! लाह्या फुटत्यात!"

मध्ये विड्याचं पान धरलं. लाह्या बंद.

"बघ. पानानं अडतो तो. आपल्या कातडीत काय शिरणार?"

"पानाला भितो? मग गरीबच हाय की!" बयाबाई म्हणाली नि सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

बुधवार, ११

शब्दकोश मांडीवर घेऊन माझ्याकडचं रेडियमवरचं इंग्रजी पुस्तक पुन्हा काढलं. माझ्या भाषेत लिहितो.

त्या रंगातून दोन जातीचे कण सुटतात. अल्फा म्हणजे रेडा. जड, मस्तवाल. भाताच्या खाचरात शिरला की चार पावलांत दमून बसतो, पण त्या चार पावलांत एक रोप उभं ठेवत नाही. बीटा म्हणजे ससा. हलका. वेडावाकडा पळतो, लांब जातो, तुडवतो कमी. पत्र्यापाशी मात्र थांबतो. मागं फोटोची काच काळ्या कागदात गुंडाळून वर किल्ली नि कुपी ठेवली होती, तेव्हा किल्लीची सावली उमटली. कागदातून पार गेला तो ससा. रेडा कागदापाशीच बसला.

बांधाबाहेरच्या रेड्याला कोण भितो! आपली कातडी म्हणजे बांधच. मी वाडीला सांगितलं ते खोटं नव्हतं.

पण गिळला तर? त्या पोरींनी स्वतःच्या हातानं बांध फोडून दिला. आत पान नाही, कातडी नाही. आत नुसतं कोवळं रोप. आणि रेडा तिथंच ठाण मांडतो — हाडात!

देवीचे डोळे कोण चाटणार आहे, म्हणा. तरी शनिवारी जाऊन खरवडून आणतो.

शनिवार, १४

कसा घरी आलो मलाच ठाऊक. मोटारीत शेजारचा विचारत होता, "काका, बरं वाटत नाय का?"

मुखवट्यावर डोळे नाहीत. कोरी चांदी.

"बयाबाई, रंग कुठाय?"

"आरं, पालखी बसली तवा गुलाल निघंना म्हणून चिंचंनं घासला. पापुद्रं निघालं. देवीच्या डोळ्याचं ते, उकिरड्यावर टाकू व्हय? अंगाऱ्यात मिसळलं."

"अंगारा दिलास कुणाला?"

"एवढासाच निघाला. तुमी निघताना तुज्या तुळसाला दिला सगळा. पयलं मूल गेलं पोरीचं, ह्ये तरी सुखरूप हाताला लागू दे. सांगितलंय तिला, रोज चिमूटभर जिभंवर."

मी पायताण शोधू लागलो.

"आसं काय करतोस? पानाला भितो, तूच म्हनला हुतास नव्हं!"

रविवार, १५

भरदुपारी तुळसा झोपली होती, तेव्हा देव्हाऱ्यातली अंगाऱ्याची डबी उचलली. ती काच नि भिंग घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत घोंगडीखाली शिरलो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत देवाचा धावा केला — काही दिसू नये, काही दिसू नये.

लाह्या फुटत होत्या.

डबी अर्ध्याच्या वर रिकामी. उरलेलं चहाच्या खोक्यातल्या शिशाच्या पत्र्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. डबीत चुलीतली साधी राख भरून ठेवली. पण जे पोटात गेलं ते?

सोमवार, १६

विचारायचं कसं? सातवा महिना आहे. भ्यायली म्हणजे?

संध्याकाळी तीच मला रागावली. "आबा, पेज निवतेय. आता माझ्यासारखे तुम्हीपण लाड करून घेणार का?" खाली मान घालून वाटी संपवली. ती समोर बसून बघत होती. तिच्या आईसारखी बघते.

मंगळवार, १७

दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं, कुणाचं नाव न घेता. पोटात गेलेलं काढता येतं का? म्हणाले, "हाडात बसलेलं काढायला माझ्याकडं औषध नाही. कुणाला झालंय?"

कुणाला नाही म्हणालो.

गुरुवार, १९

तुळसा ओसरीवर तांदूळ निवडत गुणगुणते. मधेच थांबते, पोटावर हात ठेवते नि म्हणते, "लाथ मारली, आबा!" मी हसतो. तोंड फिरवतो. पानाची फुशारकी मारणारी ही जीभ झडली का नाही?

शुक्रवार, २०

धीर करून विचारलंच. "तुळसे, बयाबाईनं दिलेला तो अंगारा —"

पोर खुदकन हसली. "मी कुठं खातेय, आबा! राखेच्या वासानंच मला ओकारी येते. जिभेला एकदाही लावला नाही. बयाबाईला सांगू नका हां! शिमग्यापासून तुमच्या पेजेत घालते, चिमूट चिमूट. बघा, तुमचा थंडीपासूनचा खोकला कसा पळाला!"

रेडा माझ्या खाचरात आहे. तिच्या नाही. तिच्या नाही!

तिला हे कधी कळता कामा नये. आज पेज मागून दोनदा प्यालो.