ओट्याखालचा पुरावा

४ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प : उत्क्रांती खोटी पाडायची. काल जेवताना मेहुणा पुन्हा सुरू झाला. हिचा धाकटा भाऊ, कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. जीवाश्म काय, नैसर्गिक निवड काय! मी म्हटलं, दगडातली हाडं नकोत, जिवंत पुरावा आण. गप्प बसला. तोंडात घास होता, पण गप्प ते गप्पच. डिसेंबरात वाचनालयात मी व्याख्यान देणार. हॉल बुक केला.

११ जानेवारी
ओट्याखाली झुरळं. ही म्हणते, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. कशाला? ट्यूबमधलं गोड जेल आणलं. साखरेत विष.

१२ जानेवारी, सकाळ
नुसता खच! न मागता दुसरा चहा मिळाला. एक-दोन झुरळं जेलला मिशा लावून माघारी फिरली. पोट भरलेलं असणार. दिली सोडून.

२ एप्रिल
झुरळं परत. शेजाऱ्यांची. जेल दुप्पट.

२० जून
जेलला वळसा घालून जातात. भेसळ! दुकानदाराला झापलं. तो म्हणाला, दुसरं औषध वापरून बघा. आपण असे ब्रँड बदलणारे नव्हे.

१५ ऑगस्ट
पिठाच्या डब्यात झुरळ. ही म्हणाली, "आता ती तरी राहतील, नाहीतर मी." विचार करायला वेळ मागितला. तेच चुकलं बहुतेक. बॅग भरून भावाकडे गेली.
एका अर्थी बरंच. व्याख्यानाची तयारी शांतपणे होईल.

९ ऑक्टोबर
तयारी शून्य. घर खायला उठतं. मेहुणा आला, ओट्यासमोर पालथा पडला. झुरळांपुढे एकीकडे साखर, दुसरीकडे उकडलेला बटाटा. सगळी बटाट्यावर! "भाऊजी, ही गोड खातच नाहीत!" म्हणून नाचायचाच बाकी राहिला. म्हणे, गोडखाऊ मेली, गोड न आवडणारी वाचली, त्यांची पिल्लंही तशीच निपजली. मी म्हटलं, यात कसली उत्क्रांती? आईबापांनी चांगलं वळण लावलं. बरणीभर झुरळं घेऊन गेला. हिच्याबद्दल विचारायचं राहिलं.

१८ डिसेंबर, संध्याकाळ
हॉल चक्क भरला. ही पहिल्या रांगेत! मला वाटलं, विरघळली. आवाज चढवून म्हटलं, "आहे का कुणाकडे एकतरी जिवंत पुरावा?"
हिने हात वर केला. मांडीवर बरणी.
मग स्टेजवर येऊन जानेवारीपासूनचं सगळं सांगितलं. साखर-बटाट्याचा प्रयोग करून दाखवला. भावापेक्षा छान समजावते. सोप्या भाषेत. मलासुद्धा कळलं. टाळ्या थांबेनात. कुणीतरी विचारलं, ही जात तयार कुणी केली? हिने माझ्याकडे बोट दाखवलं. पुन्हा टाळ्या.
घरी बरोबरच आलो. चपला न काढताच ही म्हणाली, "उद्या पेस्ट कंट्रोलवाला येतोय. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."
बरं म्हटलं.