वेणीतली माशी

मुगभाट, गिरगाव
फाल्गुन शुद्ध नवमी

प्रिय शेवंती,

तुझं पत्र मिळालं. वर नुसतं 'सुमती यांस' लिहिलंस, तेव्हाच कळलं की बाईसाहेबांचा पारा चढलाय. ट्रेनिंग कॉलेजात एका बाकावर बसून माझ्या डब्यातलं कोलंबीचं कालवण चाटूनपुसून खाणारी तू, आणि मी आता 'सुमती यांस'! असो. तू विचारलंयस की तुझा भाऊ शरद सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला, हे आमच्या घराला आता खुपायला लागलं का. अगं, तो पकडला गेल्याचं कळलं तेव्हा आप्पांनी असा जावई मिळाल्याच्या आनंदात चाळभर पेढे वाटले होते. त्याचा यात काही संबंध नाही. पण आमच्याकडून आलेला 'मुहूर्त चांगला निघत नाही, वैशाखात बघू' हा निरोप खोटा आहे, हेही तुला सांगून टाकते. मुहूर्ताला काही झालेलं नाही. झालं ते माझ्या बहिणीला, बेबीला झालं, आणि ते तुमच्यापासून लपवायचं असं या घराने ठरवलं. मी ठरवलेलं नाही.

तुला आठवतं, दसऱ्यानंतर आम्ही सगळे तुमच्या वसईच्या वाडीत आलो होतो? विहिरीजवळच्या झेंडूत बेबीला मधमाशी चावली होती. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. तू कांदा चोळलास. शरद म्हणाला, वाडीने सूनबाईंची ओळख करून घेतली. मुंबईची मुलगी, नाजूक कातडी, म्हणून आपण सगळेच पोटभर हसलो. शरदने चिडवलेलं बेबी नंतर किती दिवस स्वतःच आठवून हसायची.

आमच्याकडे केळवण होतं, त्या सकाळी तू पाठवलेली फुलांची करंडी आली. केळीच्या पानात घट्ट बांधलेली, आणि सगळ्यात वर तू स्वतः गुंफलेली गुलाबाची वेणी. शेवंती, पुढचं वाचताना तुला वाईट वाटणार आहे, पण वाटून घेऊ नकोस. फुलांत माशी असणारच, त्यात तुझा काय दोष? यशोदाआत्याने वेणी बेबीच्या अंबाड्यात माळली आणि बेबीने चटकन मानेवर हात मारला. मधमाशी पाठीवरून खाली पडली. काटा मानेतच राहिला. आत्याने काटा काढायचा सोडून कपाटाची लोखंडी किल्ली शोधायला घेतली, कारण आमच्याकडे माशी चावली की लोखंड घासतात. किल्ली सापडेपर्यंत काटा तिथेच. मग घासणं झालं, डोळे पुसणं झालं आणि बेबी पाटावर जेवायला बसली.

पहिला घास घेतला असेल नसेल, ती तळहात खाजवायला लागली. मग मान, मग पोट. बघता बघता अंगभर लाल गांध्या उठल्या. आत्याने लांबूनच निकाल दिला, की सकाळपासून उपाशी आहे, पित्त उठलं. तुझ्याही आईने हेच म्हटलं असतं, खोटं बोलू नकोस. आमसुलं भिजत घातली, ते पाणी अंगाला चोळलं आणि तिला घोंगडीत गुंडाळून भिंतीशी बसवलं. लहानपणापासून आपल्या दोघींना असंच गुंडाळलंय आणि आपण बऱ्या झालोय. त्यामुळे त्या घरभर बायकांत एकीलाही शंका आली नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही. मी वाढत होते.

थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. आवाज तिचा नव्हता, घोगरा, घशात काही अडकल्यासारखा. म्हणाली, "ताई, माझी जीभ मोठी झालीय." घोंगडी बाजूला केली तर ओठ सुजलेले, डोळे मिटत आलेले, आणि श्वासाला शिटीसारखा आवाज. मी घाबरले. तेवढ्यात तिला उलटी झाली आणि आत्याने समाधानाने मान हलवली. पित्त पडलं, म्हणाली, आता उतार पडेल. शेवंती, त्या एका वाक्याचा मला इतका राग आलाय की अजून आत्याशी धड बोलता येत नाही. तिची बेबीवर माया आहे, हे मला ठाऊक असून राग जात नाही. बेबीला मोरीकडे न्यायला आत्याने तिला उठवून उभं केलं आणि ती आमच्या हातातून खाली गेली. चेहरा चुन्यासारखा पांढरा. मनगटात नाडी लागेना.

आमचे वेलकर डॉक्टर समोरच्याच इमारतीत, म्हणून मी जिना धावत उतरले. पण रस्त्यावर समितीची मिरवणूक. निवडणुकीचे दिवस, सगळं गिरगाव खाली उतरलेलं, इकडून तिकडे मुंगी जाईल एवढी जागा नाही. दवाखान्याला कडी. शेजारचा शिंपी म्हणाला, डॉक्टर मिरवणुकीत आहेत, पार पुढे, झेंड्यापाशी. मी त्या माणसांच्या भिंतीकडे बघत उभी राहिले. वर बेबी मरतेय, आणि ज्या माणसाच्या हातात तिचा जीव आहे तो महाराष्ट्र मागत निघालाय, आणि 'झालाच पाहिजे'च्या गजरात माझी हाक माझ्याच कानापर्यंत पोचत नाही. मी समोरच्या अनोळखी गृहस्थांचा दंड धरला आणि ओरडून सांगितलं की माणूस मरतंय, वेलकर डॉक्टरांना मागे पाठवा. त्यांनी पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. मग माझ्या डोळ्यांदेखत त्या गर्दीत एक घोषणा हळूहळू थांबत गेली आणि तिच्या जागी दुसरी निघाली, वेलकर डॉक्टर मागे फिरा, वेलकर डॉक्टर मागे फिरा. ती पुढे पुढे गेली. मला दिसेनाशी झाली. देवाला काय काय बोलले ते तुला सांगत नाही. आणि मग गर्दी मधोमध फाटली आणि टोपी हातात धरून म्हातारे डॉक्टर उलट दिशेने धावत येताना दिसले. माणसं अंग चोरून वाट देत होती.

डॉक्टरांनी बॅग घेतली, वर आले, आणि सगळ्यात आधी आत्यावरच ओरडले, कारण तिने बेबीला पुन्हा टेकवून बसवलं होतं आणि सुंठेचा काढा पाजायच्या तयारीत होती. आडवी करा, म्हणाले, तोंडात काही घालू नका. केळवणाचे पाट रचून तिचे पाय त्यावर ठेवायला लावले. घोंगडी फेकली. दंडात अॅड्रेनलिनचं इंजेक्शन टोचलं आणि घड्याळ हातात धरून बसले. काहीच होईना. त्यांनी पुन्हा टोचलं. आप्पा दाराशी उभे होते. मग शिटी कमी झाली. बेबीने डोळे किलकिले केले, इकडेतिकडे बघितलं, आणि डॉक्टरांच्या पायातल्या धुळीने भरलेल्या वहाणा थेट पानाशी आलेल्या पाहून कपाळाला आठी घातली. तेव्हा मला रडू फुटलं.

इस्पितळात रात्रभर ठेवायला लावलं, कारण उतरलेलं पुन्हा उलटू शकतं म्हणाले, आणि संध्याकाळी खरंच गांध्या पुन्हा उठल्या. मी डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलं. तुमच्या वाडीत चावली त्या वेळी तिच्या शरीराने त्या विषाशी वैर धरलं, म्हणाले. सगळ्यांचं नाही धरत, हिचं धरलं. म्हणून या वेळी जिथे चावली तिथे नाही, सगळीकडे उठलं. नुसतं चावल्याजागी सुजलं, दुखलं तर गार पाण्याची पट्टी पुरते. पण चावली मानेला आणि खाज तळहाताला, आवाज बसला, श्वास लागला, उलटी झाली, चक्कर आली, तर ते पित्त नव्हे. तिथे आमसूल नको, घोंगडी नको, वाट बघणं तर नकोच. आणि पुढची माशी याहून वाईट ठरू शकते.

घरी आल्यावर बैठक बसली. आत्या म्हणाली, हे वसईला कळलं तर मुलीला फेफरं येतं म्हणून गावभर होईल, आणि उद्या ठरलेलं मोडलं तर दुसरीकडे कोण करणार? म्हणून ती बरी दिसेपर्यंत मुहूर्ताचं कारण सांगायचं आणि मग गुपचूप लग्न लावून द्यायचं. फुलांच्या वाडीत! आणि आप्पा, जे सभेत जाऊन सरकारला जाब विचारतात, ते बहिणीपुढे गप्प. मी भांडले. मला म्हणाले, तू घरातलं बाहेर काढू नकोस. तर हे बघ, काढलं.

बाकी बेबी आता ठणठणीत आहे. घरात वेणी, गजरा, अत्तर बंद. ताटावर झाकण, गुळाच्या डब्यावर झाकण, गच्चीतसुद्धा चपला. माशी आली की हात उडवायचा नाही, हळूच बाजूला व्हायचं, हे ती परवा आत्यालाच शिकवत होती. डॉक्टरांनी काचेची पिचकारी आणि औषधाच्या कुप्या एका डबीत घालून दिल्यात आणि डबी तिच्या पिशवीतून हलत नाही. आप्पांना रोजचं इन्सुलिन मीच टोचते, त्यामुळे माझा हात बसलेला आहे. आधी टोचायचं, मग डॉक्टरांकडे न्यायचं, असा हुकूम आहे. पण मी इथे, आणि ती वसईला जाणार. चावल्यावर स्वतःची सुई स्वतःला भरता येईल इतकी शुद्ध राहील, याचा भरवसा डॉक्टर देत नाहीत.

काल ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, शरदना सगळं कळलं पाहिजे. कळूनही हो म्हणाले, तरच मी बोहल्यावर चढेन." म्हणून हे पत्र, शेवंती. समजूत काढायला नाही आणि माफी मागायला तर मुळीच नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी तुझ्यावर रागावेन, पण दोष देणार नाही. आणि नकोच म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, ती तुमच्या अंगणात पडल्यावर नको. वाडी तोडा असं मी म्हणत नाही, ती तुमची भाकरी आहे. पण हो म्हणायचं असेल तर रविवारी शरदला आमच्याकडे पाठव, आणि मोसंबी घेऊन ये म्हणावं, त्यावर सराव करायचाय. आप्पांना मी बघून घेईन. इतका तुरुंग भोगून आलेल्या माणसाला विचारायचं ते एवढंच, की बायको पायाशी पडली असताना तिच्या दंडात सुई खुपसता येईल का. हात कापेल. माझाही कापतो. कापू दे, पण थांबू देऊ नको म्हणावं.

तुला अजून हवी असेन तर तुझीच,
सुमती