दोन ओंडके

६ नोव्हेंबर, सौंसर
नागपूरच्या बसमधून उतरले तेव्हा ऊन छान होतं. बागेतली खोली, हवी तितकी संत्री. भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेला आणखी काय हवं? काम मात्र हास्यास्पद. बागायतदार यशवंतरावांनी हौसेने अॅल्युमिनियमचे दोन ओंडके तारेवर टांगले, एक इथे, एक पांढुर्ण्याला. आकाशातून गुरुत्वलहर आली की ओंडका आपल्या ठरल्या सुरात कणभर थरथरेल, ही आशा. एकच थरथरला तर ट्रक गेला समजायचं. दोन्ही एकदम, तर बाहेरून काहीतरी आलं. लेझरच्या यंत्रांनी लहरी केव्हाच पकडल्या. यशवंतराव वाट बघत वारले. ओंडके ठेवायचे की मोडायचे, यावर त्यांच्या ट्रस्टला अहवाल हवाय. एका शब्दात देईन: भंगार.

८ नोव्हेंबर
पांढुर्ण्याचा ओंडका सांभाळणारी पुष्पा फोनवर म्हणाली, मॅडम, हा कानाला ऐकू येईल असा वाजून राहिला. लहरीने तो अणूइतकाही हलत नाही. एम.एस्सी. झालेली मुलगी! तुमच्या गोटमारीच्या जत्रेतला दगड डोक्यात बसला का, असं विचारलं. हसली नाही.

१० नोव्हेंबर
इथलाही वाजतो आहे. फोन कानाला धरून दोन्ही ऐकले. एकच सूर, एकाच वेळी. वीज तोडली, तरी चालूच. पुष्पा म्हणाली, मला घरी जाऊ द्या. मी सुनावलं, घंटेला हात लावला की ती गप्प होते. कवटाळून धर, नखरे पुरे. तिने धरला. तिचा थांबला. एवढं सोपं होतं.

११ नोव्हेंबर
पुष्पाचा भाऊ विनोद, त्याचा फोन. म्हणतो, ताई बोलत नाही. तोंड मिटलेलं, आतून घुमते. हात लावला की बोटं झिणझिणतात. मी म्हटलं, नाटक. त्याने फोन तिच्या छातीला लावला.
तोच सूर. थांबला नव्हता. ओंडक्यातून तिच्यात गेला होता.

१२ नोव्हेंबर
विनोद रडून म्हणाला, तुम्हीच धरायला लावलं, आता तुम्हीच सोडवा. हाताने सूर अंगात जातो म्हणे! हा अडाणीपणा खोटा ठरवायला मी माझा ओंडका कवटाळला.
थांबला.

१३
ओंडका गार पडलाय. मी नाही. दाढा झिणझिणताहेत — पेन हातात राहत नाही —
विनोदचा फोन. ताई आता जोरात वाजून राहिली. मॅडम, तुमच्याकडूनही तोच आवाज येऊन राहिला —
एकच वाजला, तर ट्रक. दोन्ही —
पुष्पा, चूक माझी —
तिचा सूर चढला. माझा, त्याच क्ष