आईंची मनगटं

शंतनु,
कुकरमध्ये खिचडी आहे, गरम करून खा. मी पाटणकर बाजारातून सैल बाह्यांचा गाऊन घेऊन परत हॉस्पिटलात चाललेय. आज तिथेच थांबेन.

दुपारी आईंची चादर सरकवली, तर दोन्ही मनगटं पट्टीनं पलंगाला करकचून बांधलेली, बोटं सुजून निळी पडलेली. आणि आपण रोज म्हणतोय, किती शांत झोपल्यात! मला बघून म्हणाल्या, "आता नाही गं ओढणार सलाईन, सोडायला सांग ना."

मी सोडलं, फोटो काढले, डॉक्टरांना बोलावलं. आया तुझ्यावर ढकलते, "भैया ने ही तो बोला था, बाँध दो." मी तिला सगळ्यांदेखत खोटारडी म्हणाले.

फोन करू नकोस. ये, आणि ती खोटं बोलतेय, हे आईंच्या हातांकडे बघून सांग.

अंतरा