कबुतरं माझ्या गाडीला भीत नाहीत

मनामा, बहरीन
एप्रिल १९८३, शुक्रवार दुपार (तुमचे बंधुराज घोरत आहेत, तेवढ्यात लिहून घेते)

ती. सौ. वन्संना नीलाचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल आहोत, आणि त्यातल्या त्यात मी जरा जास्तच खुशाल आहे. का, ते पुढे कळेलच. तुमचं पत्र काल मिळालं. तुमचे गुडघे, यजमानांचा खोकला आणि शेजारच्या बाईंनी नेऊन परत न केलेला खलबत्ता, तिन्हींची काळजी वाटते. गुडघे काय, आज ना उद्या बरे होतील, पण खलबत्त्याचं मनावर घ्या. अशा वस्तू एकदा दुसऱ्याच्या ओट्यावर रुळल्या की गेल्याच म्हणून समजा.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंत की, शिरीषच्या पत्रावरून कळलं, तुझ्या गाडीमुळे त्याच्या शिकारीचा विचका होतो, तर नवऱ्याच्या एवढ्याशा हौसेसाठी ती विकायला काय हरकत आहे? वन्सं, तुम्ही मला आईच्या जागी आहात (चुकले, मोठ्या बहिणीच्या जागी. आईचं वय तुम्हाला कुठे झालंय), पण एकाच बाजूचं ऐकून तुम्ही निकाल लावून मोकळ्या झालात, याचं मला खरंच वाईट वाटलं. म्हणून आता दुसरी बाजू ऐका. चहा घेऊन बसा, कारण मी काहीएक गाळणार नाही.

पहिलं म्हणजे ही गाडी माझी आहे. दोन-तीन मालक करून आमच्याकडे आली, छोटीशी जपानी, आणि तुबलीच्या गॅरेजवाल्याने उरलासुरला रंग फासून दिल्यामुळे हळदुली झालेली. इकडे बायका गाडी चालवतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. लायसन्स खरं तर आधी बंधुराजांनीच काढायचं ठरलं होतं. पण हे परीक्षेला बसले की गोल चक्करावर आधी कोणी जायचं यावर परीक्षकाशीच वाद घालायचे. तो बिचारा अरब दोन-तीनदा गप्प राहिला, शेवटच्या खेपेला 'खलास' म्हणाला आणि दार उघडून चालायला लागला. मी तोंड मिटून चालवली आणि पास झाले. तेव्हापासून यांना बँकेत सोडायचं आणि आणायचं काम माझ्याकडे. बँकेच्या दारात साहेबलोक उभे असतात म्हणून हे मागच्या सीटवर बसतात, म्हणजे ड्रायव्हर ठेवल्यासारखं वाटावं. (मी मुद्दाम हात खिडकीबाहेर काढून बांगड्या वाजवते.)

हसू नका. त्या गाडीचं मला काय आहे ते तुम्हाला सांगते. पहिलं वर्ष मी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत काढलं. हे सकाळी गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि ए.सी.ची घरघर. भाजी आणायची तर यांना वेळ हवा, बाब अल बहरीनच्या बाजारात जाऊन एक वार अस्तर घ्यायचं तरी यांना वेळ हवा. गाडी आली आणि मी माणसांत आले. गाडी गेली असती तर मी पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसले असते, आणि ते मला सोसलं नसतं, वन्सं.

आता शिकार. यांच्या बँकेचं एक मोठं गिऱ्हाईक आहे, कमाल नावाचं. म्हातारा बहरीनी, तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला राहिलेला, त्यामुळे हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलतो. तुबलीच्या पलीकडे त्याची खजुराची बाग आहे, गाई आहेत आणि गाईंच्या दाण्याचं कोठार आहे. एकदा तो यांना म्हणाला, बागेत हमाम फार झालेत, शुक्रवारी दोस्तांना घेऊन या. घरी येऊन हे म्हणतात, काय पैसेवाला माणूस आहे बघ, बागेत न्हाणीघरंच न्हाणीघरं बांधलीत, आंघोळीचं आमंत्रण आहे! मी टॉवेल घेतले, पंचा घेतला, साबण घेतला, दिवाळीचं उरलेलं उटणंसुद्धा पुडीत बांधून घेतलं. तिथे पोचलो तर कमालने यांच्या हातात छऱ्याची बंदूक ठेवली. हे आपले खांद्यावर पंचा टाकून उभे! मग उलगडा झाला की अरबीत हमाम म्हणजे कबूतर. कबुतरं कोठारातले दाणे फस्त करत होती आणि कमालला ती कमी करून हवी होती. दुसरा कोणी हसून खरं सांगून मोकळा झाला असता. पण बंधुराज म्हणाले, हो हो, म्हणूनच तर आलोय, लहानपणी गावी मी रोज पाखरं पाडायचो. (तुम्ही तर तिथेच होतात. पाडली होती का हो एक तरी?)

माझ्या स्वयंपाकघरात पाखरू शिजणार नाही हे मी तिथेच बजावलं, पण मेहनत वाया गेली. शिजवायला पाखरू पडलंच कुठे? बरोबर चंद्रशेखरभावजी होते, यांचे कॉलेजातले मित्र. मआमीरजवळ एका कारखान्यात इंजिनियर आहेत, नेम बरा आहे, पण इतके भिडस्त की यांच्यापुढे ब्र काढत नाहीत. दोघे खजुराच्या झापांचा आडोसा करून त्यात दडून बसले. कबुतरं लांबून यायची, कोठारावर एक घिरटी घालायची आणि भर्रकन निघून जायची. दुपार झाली, काही नाही. तेव्हा बंधुराज आडोशातून उठले, कपड्यांवरची माती झटकली आणि चहूकडे बघितलं, तर त्यांना माझी गाडी दिसली. झालं! एवढी पिवळीधमक वस्तू समोर उभी असताना पाखरं येतील कशी, म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी गाडी बागेच्या फाटकापाशी लावली. काही नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी फाटकाबाहेर. तरी काही नाही. मग म्हणाले, काचेवर ऊन चमकतं. काचांवर चादरी घातल्या. मग म्हणाले, पेट्रोलचा वास येतो. (कबुतरांना वास येतो हे कोणी सांगितलं देव जाणे.) शेवटी गाडी पार हमरस्त्यावर उभी करून मी डबा, पाण्याची बाटली आणि चटई घेऊन त्या उन्हात धुळीतून तंगडतोड करत बागेत जायला लागले. साडीचा काठ पांढरा, चपलेत वाळू, आणि मी पोचते तर हे डबा उघडून विचारतात, लोणचं कुठाय?

आणि एवढं करून कबूतर पडलं नाही ते नाहीच. पण ते पडत नाही म्हणून तरी माणूस गप्प बसेल? एका बुधवारी जेवताना हळूच म्हणतात, भावजींच्या कारखान्यातला एक जण शनिवारी गाडी बघायला येतोय. मी वाढता वाढता थांबले. मला न विचारता, परस्पर! वर म्हणतात, कमालसारख्या गिऱ्हाइकापुढे किती दिवस हात हलवत परत यायचं, प्रश्न अब्रूचा आहे. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, ऐका. या शुक्रवारी गाडी फाटकाबाहेर नाही, फाटकाशी नाही, ऐन कोठाराच्या दारात उभी करते. मी आत बसते, खाली पाऊल टाकत नाही. एकही कबूतर जवळ फिरकलं नाही तर शनिवारी किल्ली मी स्वतः त्या माणसाच्या हातात देईन. फिरकलं तर 'गाडी विकू' हा शब्द जन्मात तोंडातून काढायचा नाही. निवाडा कमाल करेल. बंधुराज इतक्या जोरात हसले की खालच्या मजल्यावरच्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मंजूर, म्हणाले.

वन्सं, खोटं कशाला सांगू, गुरुवारी रात्री मला झोप नव्हती. कबुतरांचं मला काय कळतंय?

शुक्रवारी सकाळी गाडी नेऊन कोठाराच्या दारात उभी केली. इंजिन बंद, काचा खाली. हे दोघे आडोशात, कमाल एका खजुराखाली खुर्ची टाकून बसलेला. मला नुसतं बसवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. निवडायचे तांदूळ घेऊन गेले होते, ते ताटात घेऊन निवडत बसले. खडे, कणी, किडका दाणा खिडकीतून बाहेर. (मी ते मुद्दाम टाकले असं तुमचे बंधू अजून म्हणतात. मग काय किडके दाणे पदरात बांधून ठेवायचे होते?) बराच वेळ गेला. माझे हात तांदळात आणि जीव टांगणीला. आणि मग एक कबूतर आलं, खाली उतरलं आणि गाडीच्या चाकाशी टिपायला लागलं! मग दुसरं आलं. मग बघता बघता पाच-पंचवीस. बॉनेटवर बसली, टपावर नखं वाजवत फिरायला लागली, एक तर खिडकीच्या काठावर बसून ताटाकडे असं बघत होतं की मीच अंग चोरून घेतलं.

तेवढ्यात आडोशातून बंदुकीची नळी बाहेर आली. बंधुराजांना एवढी कबुतरं एकदम दिसली, त्या भरात पाखरांखाली गाडी आहे आणि गाडीत बायको आहे याचा विसर पडला! कमाल खुर्ची उलटी पाडून 'मफी! मफी! अंदर भाभी है!' (मफी म्हणजे इकडे नाही, नको) करत धावला आणि त्याने नळी जमिनीकडे दाबली. त्या आरडाओरड्यातही वन्सं, कबुतरं उडाली नाहीत. जराशी सरकली आणि पुन्हा टिपायला लागली. उडाली कधी? हे आडोशातून उभे राहून, 'ही पैज धरता येणार नाही, हिने दाणे टाकले, शिवाय आज वारा उलट्या दिशेचा आहे, शिवाय...' असं बोलायला लागले तेव्हा. दुसऱ्या 'शिवाय'ला आभाळ कबुतरांनी भरलं आणि जमिनीवर एक उरलं नाही.

कमालने वर बघितलं, गाडीकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं आणि अगदी गरीब आवाजात म्हणाला, 'गाडी तो चुप है, शिरीषभाई. तुम चुप नहीं रहता.'

मग भावजींना कंठ फुटला. इतक्या शुक्रवारांत पहिल्यांदाच. म्हणाले, शिरीष, तू आडोशात बसून सारखा सांगत असतोस, आली बघ, वाक, डावीकडे बघ, श्वास रोख. मी कधीपासून म्हणणार होतो. वन्सं, मी ताट बाजूला ठेवलं, गाडीतून उतरले आणि त्या बागेत एकटीच टाळ्या वाजवल्या. जिंकले! भावजींनी परस्पर त्या माणसाला शनिवारी येऊ नकोस म्हणून कळवून टाकलं. घरी येताना मी सबंध वाट हॉर्न वाजवत आले. आणि तुमचे बंधुराज आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसले. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी एवढी मिरवले नव्हते.

तर ही दुसरी बाजू. गाडी विकायची नाही, तो विषय संपला. तुम्ही पुढच्या महिन्यात येताय तेव्हा विमानतळावर मी स्वतः गाडी घेऊन येईन, तुम्हाला पुढे बसवून सगळं बहरीन दाखवीन, बाब अल बहरीनला तुमच्या मनासारखी सोन्याची चेन बघू. यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इथेच थांबते, घोरणं थांबलंय.

तुमची,
सौ. नीला

ता. क. गाडीबद्दल एक बारीकसं सांगायचं राहिलं. पैज जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच आनंदात जिना उतरताना माझा पाय मुरगळला. आठवडाभर गाडी इमारतीखाली उभी होती. पाय बरा झाल्यावर खाली जाऊन बघते तर टपावरच्या कॅरियरवर, गुंडाळलेल्या चटईच्या आडोशाला काड्या, सुतळी, तारेचे तुकडे रचलेले, आणि त्यावर एक कबूतर ऐसपैस बसलेलं. खाली दोन अंडी. मी दार आपटलं, हॉर्न वाजवला, इंजिन सुरू केलं. ढिम्म हललं नाही. गाडीला भीत नाहीत म्हणजे किती भीत नाहीत!

ता. क. २. चटई काढायला मी हात पुढे केला, तर बंधुराज तीन जिने धावत खाली आले. आता गाडीला कोणी हात लावायचा नाही. हे टॅक्सीने बँकेत जातात, येताना बाजारातून बाजरी आणतात आणि गाडीपाशी उभे राहून कुजबुजतात. मी यांना कुजबुजताना आजवर ऐकलं नव्हतं. मी वाद घालणार होते, पण काल त्या पाखराने माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि माझ्याच्यानेही किल्ली फिरवली गेली नाही. रोज चालत जाते भाजीला. तेव्हा वन्सं, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते असं की, तुमचं तिकीट पिल्लं उडून जाईपर्यंत पुढे ढकलता आलं तर बघावं. गैरसमज नसावा.

ता. क. ३. तिकीट हलत नसेल तर टॅक्सीने या, आनंदच आहे. मात्र इमारतीपाशी उतरल्यावर 'शिरीऽऽष' अशी खालून हाक मारू नका, गुपचूप जिना चढून वर या. तुम्हा दोघा भावंडांचा आवाज एकाच मुशीतला आहे, आणि ते पाखरू गाडीला भीत नाही एवढंच काय ते मी सिद्ध केलंय.