गोधडी पुरी होण्याची अट नाही

मी, या मृत्युपत्राखाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, गल्लीत टाकेबाई म्हणून ओळखली जाणारी, पूर्वीचा व्यवसाय शाळांचे गणवेश शिवणे, हल्लीचा उद्योग गोधड्या सुरू करणे, आज शिलाईच्या खोलीत बसून, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, धाकाने नव्हे, गोडीगुलाबीने तर मुळीच नव्हे, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते ते येणेप्रमाणे.

हाताला कंप आहे, त्यामुळे अक्षर वाकडे दिसेल. तेवढ्यावरून कोणी माझ्या डोक्याबद्दल शंका काढू नये. डॉक्टरांनी मला विचारले, आज वार कोणता. मी म्हटले, "का, तुम्हाला माहीत नाही?" मग त्यांनी मुकाट दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र सुरू केले होते. ते दुसऱ्या पानावर राहिले, माझ्या बाकीच्या कामांसारखेच. ते रद्द समजावे.

कलम पहिले. माझी माणसे.

माझे यजमान छापखान्यात कामाला होते. ते वारले त्याला बरीच वर्षे झाली. मला एकच मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून परतताना रस्त्यावर अपघात झाला आणि तो गेला. याहून जास्त मला त्याबद्दल लिहवत नाही. त्याला मूलबाळ नाही. त्याची बायको, म्हणजे माझी सून, तेव्हापासून माझ्याजवळच राहते. थोरल्या दिरांचा एक मुलगा आहे, माझा पुतण्या. त्याची आई, माझी जाऊबाई, हयात आहे आणि माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

कलम दुसरे. घर.

तळमजल्यावरचे हे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची शिलाईची खोली, माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमानांच्या पगारात पोट भरत होते आणि माझ्या शिलाईतून घराचे हप्ते जात होते. म्हणून हे वडिलोपार्जित नाही, आणि कोणी मध्येच घराण्याचे नाव काढू नये.

हे घर मी माझ्या सुनेला देत आहे. पूर्ण मालकीने. तिने येथे राहावे, भाड्याने द्यावे, विकावे. तिने पुन्हा लग्न करावे किंवा करू नये. केले तरी घर तिचे, नाही केले तरी तिचे, आडनाव बदलले तरी तिचेच. वकीलबाई म्हणाल्या, एवढे लिहायची गरज नाही, "पूर्ण मालकीने" म्हटले की सगळे आले. मी म्हटले, "तुम्ही माझ्या पुतण्याला ओळखत नाही."

तो गेल्या महिन्यात आला होता. आमच्या शिवणयंत्राची देखभाल करणारा जो माणूस आहे, त्याला आम्ही मशीनवाला म्हणतो, त्याने माझ्या सुनेला मागणी घातली आहे, ही बातमी पुतण्याच्या कानावर गेली होती. चहात बिस्कीट बुडवत मला म्हणाला, "काकू, वहिनीने दुसरं घर केलं तर माझी काही ना नाही. पण मग या घरात तिचा पाय कसला? घर आपल्यात राहायला हवं. मी आपलं चांगल्यासाठी सांगतोय." चांगल्यासाठी सांगताना त्याची नजर भिंतींवरून फिरत होती. सून स्वयंपाकघरात होती. तिने सगळे ऐकले. मी त्याला तिथल्या तिथे झापायला हवे होते, पण संतापात मला नुसती बिस्किटांची बशी उचलता आली. तो गेल्यावर सून म्हणाली, "आई, राहू दे. आता तो विषयच नको." मशीनवाल्याला तिने होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर यायचीच बंद झाली. तो तेल घालायला आला की ही गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते. गच्चीवर इतके कपडे वाळत घालण्याइतकी माणसे या घरात नाहीत.

म्हणून हे मृत्युपत्र.

कलम तिसरे. रोकड व हत्यारे.

बँकेत जे असेल ते सुनेचे. ते फार नाही, पण पुतण्या समजतो तितके कमीही नाही.

शिवणयंत्र सुनेला. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे पितळेचे अंगुस्तानही तिलाच. तिचे बोट माझ्यापेक्षा बारीक आहे, आत कापसाची पुरचुंडी घालावी.

मोठी कात्री जाऊबाईंना. ही माझी कापडाची कात्री. मी घरात नसताना जाऊबाईंनी या कात्रीने आधी पुठ्ठा कापला, मग पत्र्याची पट्टी कापली. मी विचारले तर म्हणाल्या, "कात्रीच ना ती? कापायलाच असते." त्यानंतर तिला चार जणांकडून धार लावून घेतली, कापड अजूनही चावते. जाऊबाईंनी ती खुशाल घ्यावी, पत्रे कापावेत, घर बांधावे.

कलम चौथे. अर्धवट गोधड्या.

पलंगाखालच्या पेटीत माझ्या अर्ध्या राहिलेल्या गोधड्या आहेत. त्या किती, हे मी मोजलेले नाही आणि कोणी मोजून चारचौघांत सांगू नये. गोधडी सुरू करण्यात जे सुख आहे ते मला दुसऱ्या कशात मिळाले नाही. जमिनीवर तुकडे मांडायचे, निळ्याशेजारी पिवळा ठेवून बघायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा. अंघोळ, जेवण कशाची शुद्ध राहत नाही. पुढे अस्तर लावून धावदोऱ्याचे टाके घालत बसायचे म्हटले की माझी पाठ लगेच दुखते. बहिणीच्या बाळासाठी घेतलेली एक त्यात आहे. ते बाळ आता स्वतःच्या पोराला शाळेत सोडते.

सून या घरात आली तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात तिने पेटी उघडून एक गोधडी बाहेर काढली आणि न विचारता पुरी केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगा खो खो हसला. म्हणाला, "आई, देवाने तुला शेवट करणारी पाठवलीय. भांडू नकोस." मी आठवडाभर भांडले. मग ती गोधडी पांघरून बघितली. टाका असा एकसारखा की हात फिरवतच राहावे. तिथून पुढे सुरू मी करायचे, पुरे तिने करायचे, असे आमचे चालले. ती आमची चांगली वर्षे होती.

पेटीतल्या सगळ्या सुनेला. त्यातली एक मात्र, लाल चौकड्यांची, पुतण्याला द्यावी. तिच्यात सुई टोचून ठेवलेली आहे. त्याने ती स्वतःच्या हाताने पुरी करावी. पुरी झाली की पांघरावी. या मिळकतीतून त्याला दुसरे काही नाही.

कलम पाचवे. मोठी गोधडी.

मुलगा गेल्यावर त्याचे शर्ट कपाटात तसेच टांगलेले होते. आम्ही दोघी ते कपाट उघडत नव्हतो. मग एक दिवस मीच सगळे काढून जमिनीवर ठेवले आणि म्हटले, चल. पहिला शर्ट कापताना दोघी रडलो, दुसरा कापतानाही रडलो, पुढे पुढे रंग जुळवू लागलो. तिच्या माहेरची माणसे तिला न्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "ही गोधडी होऊ दे, मग बघू." मशीनवाल्याने विचारले तेव्हाही तेच. त्याने आधी मला विचारले होते. हातातला यंत्राचा पट्टा पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, तुमची हरकत नसेल तर तिला विचारू का?" मी म्हटले, "लग्न माझ्याशी करायचंय का? तिलाच विचार." सज्जन माणूस. त्याने विचारले, आणि तिने गोधडी पुढे केली.

येथे आमची चूक झाली. मला वाटले, हिला अजून वेळ हवा आहे, माझ्या मुलाची आठवण हिला इतक्यात सोडवत नाही. मग घाई कशाला? शर्ट संपले होते, गोधडी काठ लावण्याजोगी झाली होती. मी आणखी एक काठ जोडला. तिने ते पाहिले आणि तिला वाटले, आईंना ही संपवायचीच नाही. म्हणून तिने पडदा कापून आणखी तुकडे केले. ते तुकडे पाहून मला वाटले, बघा, मी म्हणत नव्हते? मी पुढचा काठ घातला. उशांचे अभ्रे गेले, टेबलावरचे कापड गेले. गोधडी खोलीभर झाली, मग दारातून बाहेर आली, मग गुंडाळी करून भिंतीला टेकवावी लागली. आम्ही तिच्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत होतो आणि एकमेकींना एक शब्द विचारत नव्हतो. जन्मभर शिवणकाम केलेल्या दोन बायका, पण पलंगाचे माप घ्यायचे एकीलाही सुचले नाही.

शेवटी मशीनवाला यंत्र पुढे ओढायला आला. गोधडी मध्ये. त्याने ती दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला, उचलेना. म्हणाला, "मावशी, ही कुठल्या पलंगाची?"

मी म्हटले, "तिला विचार."

त्याच वेळी ती म्हणाली, "आईंना विचारा."

सून माझ्याकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला संपवायची नाहीये."

"आणि मला वाटलं, तुला."

तो बिचारा गोधडीचे टोक हातात धरून उभा. आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो आणि हसता हसता रडलो. त्याला काही कळले नाही, पण तेल न घालताच निघून जावे, एवढे त्याला कळले.

त्यानंतर आम्ही काठ उसवायला घेतले. हे काम मी मनापासून करते आहे, आयुष्यात पहिल्यांदा. आता शर्टांपर्यंत येत आलो आहोत. याच दिवसांत पुतण्या येऊन बोलून गेला आणि सगळे पुन्हा अडले. ती काठ उसवते, पण मान वर करत नाही.

शर्टांची गोधडी सुनेची. उसवलेल्या काठांची कापडे माझ्या खाटेसाठी जोडावीत. मला थंडी फार वाजते.

कलम सहावे. सुनेसाठी.

मी गेल्यावर हे तुला वाचून दाखवतील म्हणून लिहीत होते. पण मृत्युपत्राची एक खोड आहे, ते माणूस मेल्यावरच कामाला येते, आणि मला धीर धरता येत नाही, हे तू जाणतेस. म्हणून आज सह्यांच्या वेळी हे सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तुलाही दारात उभे करून ऐकवणार आहे.

मुली, गोधडी पुरी होण्याची वाट बघू नकोस. ती अट मी काढून टाकत आहे. माझी वाटही बघू नकोस. तू गेलीस तर मला फार एकटे वाटेल. संध्याकाळी दिवा लावताना कोणाला हाक मारू, हे आतापासूनच मनात येते. हे मी लपवणार नाही, कारण लपवून आपली काय गत झाली ते आपण पाहिले. पण ही भीती माझी आहे. बाकी सगळे तुझ्या नावावर केले, ती करणार नाही.

माझ्या मुलाने तुझ्यावर जीव टाकला. मीही टाकते. सांगायचे राहून गेले होते.

कलम सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. पुतण्या भांडायला आल्यास त्याला चहा द्यावा, बिस्कीट देऊ नये.

वरील मजकूर मी समजून-उमजून लिहिला, सर्वांसमोर वाचला आणि तो मला कबूल आहे.

ठिकाण: राहते घर, शिलाईची खोली.
दिनांक: चौदा नोव्हेंबर, सकाळ.

सही: टाकेबाई

साक्षीदार पहिले: डॉक्टर. आमच्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरे: येथे मशीनवाल्याची सही व्हायची होती. ती का झाली नाही, त्याचा खुलासा करावा असे वकीलबाई म्हणतात, म्हणून माझ्या हाताने करते.

वाचून झाले. डॉक्टरांनी सही करून पेन मशीनवाल्याला दिले. तो सही करणार, तेवढ्यात वकीलबाई त्याला म्हणाल्या, "एक सांगते. जिला मिळकत मिळते तिच्या नवऱ्याने साक्ष करू नये. उद्या कोणीही बोट दाखवील. आज तुम्ही या घरचे कोणी नाही, तेव्हा सही चालेल. पुढे काही ठरायचं असेल तर मात्र करू नका." त्याचे पेन कागदाला टेकलेले होते. त्याने माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार? मी खिडकीकडे पाहिले. मग तो मान खाली घालून सही करायला लागला.

सून दारात होती. ती आत आली, त्याच्या हातातून पेन काढून घेतले आणि म्हणाली, "तुम्ही नको. शेजारच्या काकांना बोलावून आणते."

वरच्या जागी शाईची जी लहानशी रेघ आहे ती त्याच्या सहीची सुरुवात. ती खाडाखोड समजू नये.

साक्षीदार दुसरे: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. आमच्यासमोर सही केली. (सही)