झोपलेलं नेटवर्क कार्ड

आई,

मी खराडीला ऑफिसला निघाले. पिठलं झाकून ठेवलंय, गरम करून खा.

कॉम्प्युटर लावलास की आता इंटरनेट आपोआप सुरू होईल. बाबा दर वेळी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून नेटवर्क कार्ड चालू करायचे. ती कमांड मी कॉम्प्युटर सुरू होतानाच चालेल अशी लिहून ठेवली. दोन मिनिटांचं काम होतं. बाबांनी ते मुद्दामच टाळलं असावं. "नेट कुठं जात नाही गं, कार्ड झोपलंय," म्हणत उठून येणं त्यांना आवडायचं.

तुला विचारलं नाही, रागावू नकोस. काल, तेराव्याचे पाहुणे गेल्यावर, तू आतल्या खोलीकडे वळून "अहो, नेट गेलं" म्हणालीस. खुर्ची सरकल्याचा आवाज येईल म्हणून मीही थांबले होते.

तनुजा